रद्दचं बटण

बैलबाजारातली जागा यंदापासून मोबाईलवरच धरायची. सून म्हणाली, "मामंजी, हलक्या हाताने दाबा." पण 'होय' आणि 'रद्द' ही बटणं ज्वारीच्या दाण्याएवढी, शेजारी शेजारी. माझ्या अंगठ्याने 'रद्द' दाबलं गेलं आणि चिंचेखालची माझी जुनी जागा दुसऱ्याला गेली.

उपरण्याखाली गिऱ्हाइकाची बोटं धरून मी आयुष्यभर सौदे केले. समोरचा हात घामेजला की त्याची निकड कळायची. मी चिडलो की तोही चिडायचा, मग चहा व्हायचा. या काचेशी भांडायचं कसं? ही बटणं आखणाऱ्याने कुणाचा अंगठा पाहिला असेल?

खाली पाच चांदण्या आल्या: 'आपला अनुभव कसा होता?'

"एकच द्या," सून म्हणाली.

मी एकच दाबायला गेलो. अंगठा सरकला आणि पाचही पेटल्या.