हुडाकांच्या दारातली भेग

काळाभोर, आरशासारखा चकचकीत ड्राइव्हवे दिसला की त्या घराचा मालक तुम्हाला भला माणूस वाटतो, हो ना? लाजू नका. आमच्या गल्लीत सगळ्यांनाच तसं वाटतं. भिंतीचा रंग उडालेला चालतो, पायरी तुटलेली चालते, पण दारातलं डांबर करडं पडलं की शेजारी बोलायला लागतात, की या घरात आता पुरुषमाणूस राहिला नाही वाटतं.

लिओना हुडाकच्या घरात खरंच राहिला नव्हता.

आमच्या गावाला धड नाव नाही, नंबर आहे. सहा नंबर. कोळशाच्या खाणीच्या सहाव्या शाफ्टच्या, म्हणजे विवराच्या, तोंडावर वसलं म्हणून सहा. खाण बंद पडली, कंपनी पळाली, पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात आम्ही आणि आमचा नंबर मागे राहिलो. लिओना इथलीच. सगळी उमर शर्टाच्या कारखान्यात कॉलर शिवण्यात गेली. सुपरवायझरने बायकांच्या संडासाला कुलूप लावलं तेव्हा हिने कात्री टेबलावर आपटली आणि म्हणाली, "मग इथेच करू का, साहेब?" संध्याकाळपर्यंत कुलूप निघालं. तेव्हापासून मी तिला मानते. चर्चच्या तळघरात पियेरोगी, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, वळताना तिच्या शेजारी बसायला मिळावं म्हणून मी लवकर जायचे.

तिचा नवरा एमिल. अबोल माणूस, पण ड्राइव्हवेचा भारी षोक. ऑगस्टमध्ये चर्चची जत्रा उरकली की लगेच सीलकोटच्या, म्हणजे काळ्या डांबरी लेपाच्या, बादल्या आणायचा. आधी झाडायचं, मग भेगा भरायच्या, मग लांब दांड्याच्या रबरी झाडूने काळं पसरायचं. भेगा कशाने भरायचा? राखेने. तळघरातल्या कोळशाच्या स्टोव्हची राख आमच्याकडे कोणी टाकून देत नाही. हिवाळ्यात बर्फावर पसरतो, उरलेली अशी जिरवतो. एमिल ती ओली करून भेगेत कोंबायचा आणि वरून काळा हात मारायचा. दर ऑगस्टला, त्याच भेगेत.

गॅरेजसमोर टेबलाएवढा एक तुकडा होता. गल्ली सगळी पांढरीशुभ्र झाली तरी तिथे बर्फ टिकायचा नाही. एमिल छाती फुगवून सांगायचा, "माझं काम आहे ते. ऊन धरून ठेवतं." ऊन न पडलेल्या दिवशीही तो तुकडा ओला आणि काळाच असायचा. कधी सकाळी त्यावर वाफही दिसायची. कोणी काही विचारलं नाही.

एमिल गेला. ड्राइव्हवे करडा पडला, भेगा उघडल्या. तिची मुलगी डेनीस अ‍ॅलनटाउनला राहते, तिने आईला आपल्याकडे न्यायचं ठरवलं आणि घर विकायला काढलं. गिऱ्हाईकही मिळालं. शेजारच्या शहरातलं डोमिनिकन जोडपं, विल्किन आणि यानिरीस, आणि त्यांची तान्ही मुलगी. दोघं गोदामात पाळीने राबणारी. मुलीला स्वतःचं अंगण हवं, एवढंच त्यांचं मागणं. ते घर बघायला यायच्या आत ड्राइव्हवे काळा करून टाक, असं डेनीसने फोनवर बजावलं आणि चक बेडनारला पाठवलं.

चक म्हणजे आमच्या भागातला सीलकोटवाला. ट्रकवर टाकी, तोंडात तंबाखूऐवजी अखंड बडबड.

"अगं लिओना, हा काय रंग आहे? हत्तीचा? एमिल वरून शिव्या घालत असेल मला."

"तो जिवंतपणी बोलला नाही, आता कुठला बोलतोय," लिओना म्हणाली. पण तिचं लक्ष गॅरेजसमोर होतं. मी कुंपणाशी उभी होते. ती मला म्हणाली, "रोझान, एमिलने इतकी राख घातली इथे. मी विचारायचे, भरली का? तो म्हणायचा, भरली. मग पुढच्या वर्षी परत कशाला घालायचा गं?"

मी कुंपण ओलांडून तिच्याशी जाऊन उभी राहिले.

चकने भेगा साफ करायला वाऱ्याचं मशीन लावलं. इतर भेगांतून धूळ, पानं, मुंग्या उडाल्या. गॅरेजसमोरच्या भेगेतून काहीच उडालं नाही. एक सुकलेलं पान तिच्या काठाशी थरथरत आलं आणि आत गेलं. कोणी चिमटीने ओढून घ्यावं तसं गेलं.

"नळी आण गं," लिओना म्हणाली.

मी बागेची नळी भेगेत सोडली. वाटलं होतं, आत्ता भरेल आणि वर येईल. आम्ही तिघं वाकून बघत राहिलो. पाणी जात राहिलं. मग चकने मशीन बंद केलं आणि आवाज आला. खूप खालून. दुसऱ्या कुणाच्या घरात कोणी पाणी ओततंय, असा.

चकने टोपी काढली. "जुनं गटार असेल."

"इथे गटार कधी होतं रे? तुझा आजा इथेच खाली कोळसा फोडायचा."

"म्हणून तर म्हणतो, विचारू नको. रबर भरतो, दोन हात मारतो. गिऱ्हाइकाच्या बापाला कळणार नाही. पुढच्या वर्षी ना तुझं घर, ना तुझी भेग."

"आणि त्यांची पोर?"

"अख्ख्या गल्लीखाली तेच आहे, लिओना. आजवर कोण पडलंय?"

माझं डोकं सटकलं. मी त्याला काय काय म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तेवढ्यात डेनीसची गाडी आली. तिने नळी बघितली, आईचा चेहरा बघितला आणि सरळ जाऊन तोटी बंद केली.

"आई, तमाशा नको. ते लोक निघालेत."

"डेनीस, खाली पोकळ आहे."

"सगळीकडे पोकळ आहे! सगळ्यांनी विकली ना घरं? आपणच काय संत लागून गेलो? तू सरकारी माणूस बोलावशील, तो खूण करून जाईल, मग या घराला कुत्रं विचारणार नाही. तू इथे एकटी मरणार आणि मी तिकडे रोज फोनकडे बघत बसणार. हे हवंय तुला?"

चकने टाकीचा पाइप ओढला. आता लिओना मान डोलावेल, असं मला वाटलं. ती घरात गेली आणि स्वयंपाकघरातली खुर्ची घेऊन बाहेर आली. ड्राइव्हवेच्या तोंडाशी ठेवली आणि तिच्यावर बसली.

आता हे नीट ऐका. बर्फ उपसून गाडीपुरती जागा केली की त्यात खुर्ची ठेवायची, हा आमच्याकडचा कायदा आहे. खुर्ची म्हणजे, जागा माझी, तू चालू लाग. शेंबड्या पोरालाही कळतं. त्या जोडप्याची गाडी गल्लीत वळली तेव्हा लिओनाच्या डोक्यात फक्त गाडीचं वजन होतं. ती गाडी गॅरेजसमोर जाऊन उभी राहू नये म्हणून तिला ऐनवेळी जे सुचलं ते तिने केलं. गाडीतल्या सावळ्या जोडप्याला काय दिसलं? गोरी म्हातारी, भर सप्टेंबरात खुर्ची टाकून वाट अडवून बसलेली.

"पुढे येऊ नका!" ती ओरडली. "इथे तुमच्यासाठी काही नाही!"

यानिरीसने काच खाली केली. मागच्या सीटवर मुलगी झोपली होती. "बाई, आम्हाला आज बोलावलंय."

"मी नाही बोलावलं. त्या बाळाला घेऊन जा इथून!"

डेनीस धावली. "लक्ष देऊ नका, वय झालंय तिचं."

"वय झालेल्या बायका आम्हाला पुष्कळ भेटल्यात," विल्किन म्हणाला.

मी खिडकीला जाऊन लटकले. "अहो, जमीन पोकळ आहे खाली! या, दाखवते, पाणी ओतून दाखवते!"

तो हसला. तसं हसू मला माझ्या वैऱ्याच्याही तोंडावर नको. "आधीच्या घरी म्हणाले, छत गळतं. त्याच्या आधी म्हणाले, कालच विकलं. आता जमीन पोकळ." आणि त्याने गाडी मागे घेतली.

लिओना खुर्चीवरच बसून राहिली. तिला कळलं होतं, त्यांना काय कळलं ते. असं अंग चोरून बसलेली मी तिला कधी बघितली नव्हती.

पुढच्या रविवारी तिने अक्रोडाचं सारण भरलेला कोलाच, आमच्याकडचा गोड पाव, भाजला आणि बस पकडून त्यांच्या शहरात गेली. यानिरीसने दार उघडलं, ताट घेतलं, आभार मानले. लिओनाने सगळं सांगितलं, राख, बर्फ, पाणी. यानिरीस ऐकून घेत होती, दाराला हात लावून. मग म्हणाली, "आजी, तुमच्याच गल्लीत दुसरं घर मिळतंय आम्हाला. तिथे कोणी खुर्ची टाकली नाही." आणि दार लावलं. अगदी हळू.

लिओना अजून तिथेच आहे. डेनीसचा फोन येत नाही. सरकारी कचेरीत आम्ही तक्रार दिली, पाळी येईल म्हणाले. तिचा ड्राइव्हवे तसाच करडा, भेग उघडी. आता भेगेत हात जातो. मी घालून बघितला. आत खाणीतला वारा आहे, आणि तो उबदार आहे.

आणि गल्लीतलं ते दुसरं घर? चकने मागच्या आठवड्यात तिथे दोन हात मारले. काय दिसतंय म्हणून सांगू, नवं कोरं! "तिथे भेग होती का?" मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "रोझान, मी केलेल्या कामाबद्दल मीच कसं बोलू?" मी त्या घराची बेल वाजवली. पडदा हलला. दार उघडलं नाही.

त्या घराचा मालक हे वाचतोय, मला ठाऊक आहे. तुमचं नाव मी इथे घेतलेलं नाही. शनिवारी ते दोघं मुलीची खोली मोजायला येणार आहेत. लिओनाचं ते ऐकणार नाहीत, माझं तर नाहीच. तुमचं ऐकतील, कारण घर तुमचं आहे आणि खरं सांगून पैसे बुडणार तेही तुमचेच. त्यांची गाडी वळायच्या आत रस्त्यावर या आणि त्यांना सांगा.