पंधरावं लागलंय

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. कुणी युगांडाच्या सहलीचं विचारलं की मी तिथल्या केळ्यांबद्दल बोलत बसायचो. गोरिलांचा विषय निघालाच तर घरातलं कुणीतरी म्हणायचं, "आजीला वय विचारू नका." सगळे हसायचे, मीही हसायचो. त्या हसण्याचा आता मला वीट आलाय.

माझा मुलगा तिकडच्या एका साखर कारखान्यात केमिस्ट आहे. आपल्या सोलापूरकडची बरीच मुलं त्या बाजूला गेली आहेत. एका दिवाळीच्या सुटीत त्यानं आम्हा दोघांना आणि माझ्या मुलीच्या मुलीला बोलावलं. नातीला गोरिलांशिवाय दुसरं काही बघायचंच नव्हतं. गोरिला छाती मुठीनं नाही, उघड्या तळव्यानं बडवतो, हे ती घरी येणाऱ्या प्रत्येकाला करून दाखवायची.

परवाने काढायच्या आधी मुलाचा फोन आला. गोरिला बघायला जंगलात जायचं तर पंधरा वर्षं पूर्ण लागतात, भाचीला किती झाली, असं त्यानं विचारलं. मी टीव्हीवर मॅच बघत होतो. तिथूनच स्वयंपाकघराकडे ओरडून हिला विचारलं.

"पंधरावं लागलंय की तिला," ही म्हणाली.

हिच्या माहेरी, करकंबला, वय असंच सांगतात, चालू वर्ष धरून. ती बरोबरच बोलली होती. मी फोनवर म्हणालो, "पंधरा." 'पूर्ण' हा शब्द मी ऐकला होता. शाळेत हेडक्लार्क म्हणून सगळी नोकरी मी पोरांची पूर्ण वयं मोजण्यात घालवली. 'सहावं लागलंय' म्हणत आलेल्या कितीतरी आयांना खिडकीवरून परत पाठवलं. आणि घरच्या पोरीच्या वेळी ते 'लागलंय' गाळलं, कारण मॅच रंगात आली होती.

पुढे एजंटानं पासपोर्टचे फोटो मागवले आणि नंबर उतरवून घेतले. जन्मतारीख त्यानं पाहिली नाही, मुलानं नाही, मीही नाही. पाहिली ती थेट जंगलाच्या तोंडाशी, वनरक्षकानं.

मुलानं हुज्जत घातली. महिन्याभराचाच तर प्रश्न होता. वनरक्षक शांतपणे तेच तेच सांगत राहिला: मुलांची सर्दी गोरिलांना लागते, आणि मोठा नर अंगावर आला तर मुलं पळत सुटतात, तिथं पळायचं नसतं. माझी नुसती चिडचिड झाली. नियमात कमीत कमी वय आहे, जास्तीत जास्त नाही. गुडघ्याला पट्टे बांधून काठीवर उभ्या असलेल्या मला सोडत होते आणि माझ्यापेक्षा उंच, डोंगर पळत चढणाऱ्या पोरीला नाही. नियमावर चिडणं सोपं होतं, म्हणून मी चिडत राहिलो.

मग मुलगा वळला. "पण बाबा, पंधरा झाली असं कुणी सांगितलं?"

"तुझ्या आईला विचारलं होतं," मी म्हणालो. हे खोटं नव्हतं.

"मी पंधरावं लागलंय म्हनलं हुतं," ही म्हणाली.

"तेच ना, आई. पंधरावं म्हणजे चौदाच झाली की." मुलगा वैतागला होता.

हिनं माझ्याकडे बघितलं. मी काठीचा पट्टा नीट करत होतो. नात रडली नाही. फक्त म्हणाली, "आजी, तुला साधं वय सांगता येत नाही?"

ही तिच्याजवळ थांबली. "तुमी तर बघून या," आम्हाला म्हणाली. आणि मी गेलो. दिवसभर चिखल तुडवून एक पाठ दिसली, पाला ओरबाडणारी. कसा होता गोरिला, असं कुणी विचारलं की अजून माझं डोकं फिरतं.

त्याआधी नात आमच्याकडे आली की आजीच्याच अंथरुणात झोपायची. ते बंद झालं. "मोठी झाली आता," असं ही म्हणायची. पुढे पुण्याहून नातीचा फोन यायचा, तो माझ्या मोबाइलवर. मी तो हिच्या हातात द्यायचो. दोघी जेवणखाण विचारून ठेवून द्यायच्या.

गेल्या वर्षी ही गेली. नात आली, रडली आणि मला म्हणाली, "भोळी होती हो आजी, वयसुद्धा मोजता यायचं नाही." तेव्हाही मी मान हलवली. या मानेचं काय करावं कळत नाही. म्हणून हे लिहितो आहे, नातीनं वाचावं.

शेवटच्या आजारपणात एका दुपारी मी खुर्ची हिच्या खाटेजवळ ओढली आणि "युगांडात त्या दिवशी..." अशी सुरुवात केली. "व्हय, गुडघं किती सुजलं हुतं तुमचं," ती म्हणाली. मग मी गुडघ्यांबद्दलच बोलत बसलो. म्हणायचं होतं ते एवढंच: वय तू बरोबर सांगितलं होतंस, फोनवर चुकीचं मी बोललो, आणि सगळ्यांसमोर तुला एकटं पाडलं. मला माफ कर.