नापास मास्तर हवेत

शिकवणीचा मास्तर शोधावा तर तो आमच्या आतोबांनीच. पन्नास-साठ सालांतल्या बेंगळुरात, निदान बसवनगुडीतल्या आम्हा मराठी घरांत, याबद्दल दुमत नव्हतं. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. दात दुखला की लोक डॉक्टरकडे जात आणि पोराचं गणित दुखलं की आतोबांकडे. ते एका सरकारी कचेरीत नोकरीला होते, पण तो त्यांचा जोडधंदा असावा. धोतर, काळा कोट आणि हातात सायकल, असे ते गावभर हिंडत. हातात सायकल असं मुद्दाम म्हणतो, कारण तिच्यावर बसलेले आतोबा मी जन्मात पाहिले नाहीत. "वर बसलं की माणसं भुर्रकन मागं जातात. चाललं की स्वल्प बोलता येतं," असं ते म्हणत. अशा चालण्या-बोलण्यातूनच त्यांना मास्तर सापडत. एकदा तर बनशंकरीच्या देवळापलीकडच्या नाचणीच्या शेतांतून ते संस्कृतचे मास्तर घेऊन आले होते.

पण सापडलेला प्रत्येक मास्तर पसंत पडेल तर ते आतोबा कसले? त्यांची परीक्षा एकाच प्रश्नाची होती. उमेदवाराला कॉफी द्यायची आणि त्याने पहिला घोट घेतला की अगदी मायेनं विचारायचं, "ह्या विषयात किती वेळा नापास झालात?" बिचारे उमेदवार घरून शिफारसपत्रं घेऊन आलेले असत. या प्रश्नानं ते कॉफीसकट गडबडून जात. जो खाली मान घालून "दोनदा" म्हणे, त्याची निवड जागच्या जागी होई.

माझी पाळी आली ती एस.एस.एल.सी.च्या, म्हणजे मॅट्रिकच्या वर्षी. मी गणितात ढ होतो. नुसता ढ असतो तर घरच्यांनी मनावर घेतलं नसतं, पण मी मेहनती ढ होतो. पहाटे उठून, दिवा लावून, अतिशय सुवाच्य अक्षरात मी चुकीची उत्तरं काढत असे. वडिलांना घरीदारी सगळे अण्णा म्हणत. त्या अण्णांनी निर्वाणीचं सांगितलं होतं की गणितात गेलास तर शाळा बंद, आनेकलला काकांच्या किराणा दुकानात गूळ तोलायला बसायचं. तोलायलाही गणित लागतंच, हा माझा मुद्दा कुणी विचारात घेतला नाही. मला शिकायचं होतं हो. येत नव्हतं, एवढंच.

अण्णांनी स्वतःच एक मास्तर आणले. गणितात सुवर्णपदक मिळवलेला, चुणचुणीत तरुण. आतोबांनी कॉफी दिली आणि नेहमीचा प्रश्न विचारला.

"छे हो, एकदाही नाही," तो म्हणाला.

"लहानपणी? चौथी-पाचवीत तरी?"

"कधीच नाही."

"सरी. कॉफी पिऊन जावा," आतोबा हळहळत म्हणाले. तो गेल्यावर अण्णा उसळले, तेव्हा आतोबांनी शांतपणे सांगितलं, "अण्णा, ज्याची वाट कधी चुकली नाही, तो आपल्या पोराला शोधायला कुठं जाणार? हे कुठल्या कुठं जाऊन बसलंय."

मग त्यांनी आणलेले मास्तर इंटरमिजिएटला गणितातच वारंवार अडकलेले, मृदू स्वभावाचे कन्नड गृहस्थ होते. ते आले की आधी विचारत, कुठं अडतंय? मी दाखवलं की त्यांना गहिवरून येई, कारण तेही तिथेच अडले होते. मग आम्ही दोघं मिळून अडत असू. आतोबा बाहेरच्या पायरीवर बसून, कधीही न चालवलेल्या सायकलीच्या चाकात हवा भरत कान देऊन ऐकत. मास्तर फार चांगले होते, फक्त मी काहीही म्हटलं की ते "सरी" म्हणत. कन्नडात सरी म्हणजे बरोबर, आणि सरी म्हणजे "बरं, पुढं बोल" असंही. घरात अर्धं कन्नड बोलणाऱ्या मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण दोन अर्थांतला सोयीचा अर्थ उचलण्यात मी कधीच ढ नव्हतो. वर्षभर ते "पुढं बोल" म्हणत राहिले आणि मी "बरोबर" ऐकत राहिलो. परीक्षेत अर्थातच नापास झालो.

घरावर सुतक आलं. अण्णांनी माझी पेटी काढली. आई डोळे पुसत तिच्यात माझे सदरे भरत होती, आणि मला एकदाचं दुकानात जाऊन गुळाआड तोंड लपवावंसं वाटत होतं. इतक्यात आतोबा म्हैसूरपाक घेऊन आले. त्यांनी पहिला तुकडा माझ्या तोंडात घातला. "पेटी वर ठेवा अण्णा," ते म्हणाले. "आत्ता कुठं पोरगं कामाचं झालंय. आणखी एकदा बसू द्या त्याला." अण्णा त्यांच्यावर इतके चिडले की आनेकलची बस चुकली. दुसऱ्या दिवशी राग उतरला आणि पेटीही वर गेली. पुढच्या खेपेला मी काठावर पास झालो.

काही वर्षांनी, मी कारकून झाल्यावर, आतोबा एका संध्याकाळी गल्लीतल्या छापखानेवाल्यांना आणि त्यांच्या मुलीला घेऊन आले. "गणिताला ह्याच्यासारखा मास्तर सापडायचा नाही," त्यांनी अभिमानानं सांगितलं. "सगळ्या खानदानात हा एकटाच नापास झालेला आहे." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुलगी अपूर्णांकांच्या भागाकाराशी अडली होती. खालचा अपूर्णांक उलटा का करायचा, हे तिला कळत नव्हतं, आणि विचारायची लाज वाटत होती. ती जागा माझ्या इतक्या ओळखीची होती की मी न विचारताच तिथे बोट ठेवलं. तिनं चमकून वर पाहिलं. माझ्या नापास होण्याचा कुणाला उपयोग होतोय, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो. बाहेर पायरीवर हवा भरण्याचा आवाज थांबला होता.

आतोबा गेले त्यानंतर एकदा मी आत्याला विचारलं, "आतोबा स्वतः किती वेळा नापास झाले होते?"

"ते कुठले नापास होतात? सगळ्यांत पहिले," आत्या म्हणाली. "लग्न झाल्यावर मला इंग्रजी शिकवायला बसले. मला येत नाही म्हणजे काय, तेच त्यांना कळेना. मी रडायला लागले, तर तेही रडायला लागले. पुस्तक मिटलं ते मिटलंच. हौस केवढी होती रे त्यांना शिकवायची."

म्हणजे आतोबाही एका विषयात, शिकवण्यात, नापास झाले होते, आणि त्यांच्याच नियमानं मास्तर पारखण्याचा हक्क फक्त त्यांचा होता. हे त्यांना सांगायला हवं होतं, असं फार वाटतं. त्यांनी सायकल भिंतीला टेकवली असती, सगळं नीट ऐकून घेतलं असतं आणि "सरी" म्हटलं असतं. ते "बरोबर" होतं की "पुढं बोल", हे मला याही वेळी कळलं नसतं.