परत न आलेला रुमाल

"आदी सही, मग बोल."

पेन्सिलीचं मागचं टोक रजिस्टरवर दोनदा आपटायचं आणि हे म्हणायचं, ही त्यांची रीत. समोर शिपाई असो नाहीतर चेअरमनसाहेबांचा माणूस. माणूस फारच मोठा असला तर 'बोल'चं 'बोला' व्हायचं, इतकंच.

आमच्या साखर कारखान्याचे ते रेकॉर्डकीपर. पलटणीतून पेन्शन घेऊन आलेले, म्हणून सगळे त्यांना हवालदार म्हणत. कारखाना सातारा-सांगलीच्या मधल्या पट्ट्यातला, नाव कशाला सांगू. मी सांगलीचा, हंगामी टायपिस्ट, चोवीस वर्षांचा आणि स्वतःला फार शहाणा समजणारा. आणीबाणीच्या आधीची दोन-तीन वर्षं धरा.

त्यांच्या रजिस्टरला चार रकाने होते. काय नेलं, कोणी नेलं, कारण काय, परत कधी आलं. एकही रिकामा चालायचा नाही. एकदा साहेबांनी, म्हणजे आमच्या ऑफिस सुपरिंटेंडेंटनी, कारणाच्या रकान्यात नुसतं 'काम' असं लिहिलं. हवालदारांनी फाईल छातीशी धरली. "काम न्हाई तर काय लगीन हाय व्हय? नीट लिवा, साहेब." साहेबांनी दातओठ खात नीट लिहिलं. पण ते विसरले नाहीत.

तुम्हीही असा माणूस कुठेतरी पाहिला असेल. कागद हातात दिला की उजेडाला धरणार, उलटा करून बघणार, मग देणाऱ्याच्या तोंडाकडे बघणार. हवालदार तर वासही घ्यायचे. रेकॉर्ड रूमची मागची भिंत पाण्याच्या टाकीला लागून, तिला बारमाही ओल. मांडणीवर लाल कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे रचलेले असत, त्यांना रुमाल म्हणत. सकाळी आल्या आल्या हवालदार एकेका रुमालाला नाक लावत फिरायचे.

"हवालदार, कुठला शिजलाय आज?" मी विचारायचो.

"हस लेका सांगलीकर. कागद आदी वासानं मरतो, मग डोळ्याला दिसतो."

त्यांचा कोणावर विश्वास नव्हता आणि माझा त्यांच्यावर नव्हता. किल्ल्या करगोट्याला बांधून हिंडणारा माणूस त्या बंद खोलीत करतो तरी काय? दर शनिवारी ते कोरेगावजवळच्या आपल्या गावी जायचे आणि एसटीला निघताना खांद्यावरची खाकी पिशवी टम्म फुगलेली असायची. सोमवारी येताना ती कशी असते, हे बघायची मला कधी गरजच वाटली नाही.

त्यातच एकदा रहिमतपूरच्या स्टँडवर मला भजी मिळाली ती चक्क आमच्या कारखान्याच्या छापील कागदात. आयला! म्हटलं, सापडला चोर. इथे रेकॉर्ड रद्दीच्या भावाने चाललंय आणि आम्हाला मात्र सही, सही! भजी पोटात घातली, तेलकट कागद खिशात घातला आणि सोमवारी साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेब इतके गोड हसले की त्या दिवशी मला त्यांच्या कपात चहा मिळाला.

शनिवारी गेटवर हवालदारांची झडती झाली. माझी सुट्टी चारलाच झाली होती, पण तमाशा बघायला मी साडेपाचपर्यंत वॉचमनच्या केबिनच्या आडोशाला उभा राहिलो. पिशवीतून धोतर निघालं, डबा निघाला आणि खाली एक लाल रुमाल. आत जुनं हजेरीचं मस्टर, कडा काळ्या पडलेलं.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"वलं झालंय, साहेब. घरी उन्हात वाळवतो. जे जाणार दिसतंय त्येची नक्कल करतो. समदं रजिस्टरात हाय."

"कारखान्याचं रेकॉर्ड घरी? आणि भजीवाल्याला कोण पुरवतं?"

हवालदारांना काही उमगेना. गेटवर माणसं गोळा झाली होती. हवालदारांचे कान लाल झाले. ते एवढंच म्हणाले, "घेतलं म्हणून सही करा."

साहेबांनी सही केली नाही. रुमाल वॉचमनकडे टाकला आणि गाडीत बसले. सोमवारी हवालदारांनी राजीनामा दिला. किल्ल्या टेबलावर ठेवल्या, आणि किल्ल्या मिळाल्याची सही मात्र घेतल्याशिवाय हलले नाहीत.

रेकॉर्ड रूम माझ्याकडे आली. पुढे दोन महिन्यांत हुकूम निघाला, तीन हंगाम मस्टरवर भरलेल्या हंगामी लोकांना कायम करायचं. माझे तीन बरोबर भरत होते. घरी आईने पेढेसुद्धा सांगून ठेवले. पहिल्या हंगामाचा रुमाल काढायला गेलो तर मांडणीवर ती जागा मोकळी.

रजिस्टर उघडलं. 'कोणी नेलं: स्वतः. कारण: ओल, वाळवणे व नक्कल.' शनिवारी नेलेलं, सोमवारी परत. पानंच्या पानं तशीच, प्रत्येक ओळीला सही. एकच ओळ उघडी होती, झडतीच्या शनिवारची. त्या रुमालात माझा पहिला हंगाम होता.

केबिनकडे धावलो. वॉचमनने रुमालावर पाण्याचा माठ ठेवला होता. "लय बेस बसतोय बगा, डुगडुगत न्हाई." आत नुसता लगदा.

मग तो भज्यांचा कागद साहेबांच्या ड्रॉवरमधून काढला आणि पहिल्यांदा वाचला. त्यातला प्रत्येक 'म' ओळीच्या खाली उतरलेला. ती माझ्या टाइपरायटरची खोड. माझाच बिघडलेला कागद, माझ्याच टोपलीतून झाडूवाल्याकडे आणि तिथून रद्दीत गेलेला. लाज वाटली म्हणणं फार कमी आहे, मला माझाच राग आला.

रविवारी त्यांच्या गावी गेलो. हवालदार सोप्यात शेंगा फोडत बसले होते. "च्या ठेव गं, सांगलीकर आलाय," त्यांनी आत बायकोला सांगितलं. माझं ऐकून घेतलं, उठून एक वही आणली आणि तिच्यातलं एक पान काढून दिलं. हाताने रेघा आखलेल्या, माझं नाव, एकेका दिवसाची हजेरी. माझ्या जिवात जीव आला.

"खाली 'खरी नक्कल' लिहून सही करा, हवालदार. तारीख झडतीच्या आधीची टाका. कुणाला कळतंय?"

कागद उजेडाला धरावा तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "नक्कल आदल्या शनवारी झालती. अस्सलाशी ताडायची ऱ्हायली हुती. ताडायलाच न्हेत हुतो त्यो रुमाल. न ताडता सही कशी करू? आन् आता मी रेकॉर्डकीपर न्हाई. खोटी तारीख माज्या हातनं न्हाई व्हायची, गड्या."

"माझी कायमची नोकरी जाते हो!"

"जातीया खरी," ते म्हणाले. त्यांनाही वाईट वाटलेलं दिसत होतं. शेंग फोडता फोडता त्यांनी हळूच विचारलं, "त्या दिशी गेटवर का थांबला हुतास रं? तुजी सुट्टी तर चारला हुती."

मी खाली पडलेली टरफलं गोळा करू लागलो. त्यांनी वही पुढे केली. घरच्या वहीलाही तेच चार रकाने. "नक्कल न्हेतोस न्हवं? आदी सही, मग बोल."

कारणाच्या रकान्यात मी 'नोकरी कायम होण्यासाठी' असं लिहिलं, सही केली आणि बोललो मात्र नाही. चहा घेतला आणि एसटी धरली.

न ताडलेली नक्कल साहेबांनी फेकून दिली. यादीत माझं नाव आलं नाही. पुढची यादी निघायला सहा वर्षं लागली.

तोवर त्यांच्या गावाकडून जाणाऱ्या एसटीत मी कितीदा तरी बसलो आणि कितीदा तरी त्यांचं गाव टाळून पुढच्याच स्टॉपवर उतरलो. मग एक दिवस त्यांच्या मुलाचं कोपरा फाटलेलं कार्ड आलं. हवालदार गेले.

रजिस्टर काढलं. ती ओळ अजून उघडी होती. 'परत'च्या रकान्यात लिहिलं, 'परत आला नाही. मी खोटा संशय घेतला, चहाडी केली, त्यात गेला.' खाली पूर्ण नाव घातलं आणि सही केली.

सही झाली. आता बोलायला समोर कोणी नव्हतं.