एक नंबर पट्टी

"आजी, आठही जणींनी एकेकच तारा दिलाय," असं म्हणून तो आमच्या जिन्यातच बसला. एका पायात चप्पल, दुसरी खालीच राहिलेली.

मी म्हटलं, "मग? एकच द्यायचा ना?"

त्याने कपाळाला हात लावला. तो हात फार सावकाश लावायचा, ताप आहे का बघितल्यासारखा.

आमच्या सिडकोतल्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर तो भाड्याने राहायचा. सातपूरच्या कारखान्यातली नोकरी सोडली आणि कोरियाहून येणाऱ्या, दुखऱ्या गुडघ्याला चिकटवायच्या पट्ट्या मोबाइलवर एका कंपनीच्या बाजारात विकायला लागला. पुढच्या खोलीत खोकी, मागच्या खोलीत तो आणि बायको. बायको येवल्याची, सासऱ्यांचा पैठणीचा माग. त्यांनी बजावलं होतं, दिवाळीपर्यंत दुकान चाललं तर ठीक, नाहीतर जावईबापूंनी मागावर बसायचं. सासऱ्यांच्या हाताखाली बसण्यापेक्षा विहीर बरी, असं तो म्हणायचा. विहिरीत मात्र कधी उतरला नव्हता.

त्याचं दुखणं एकच. लोक पट्टी बघत नाहीत, आधीच्या गिऱ्हाइकांनी किती तारे दिले ते बघतात. दिल्लीचा एक जण हीच पट्टी विकायचा. त्याच्याकडे तारे होते, म्हणून त्याची खपायची. ह्याच्याकडे नव्हते, म्हणून ह्याच्या खोक्यांवर मांजर झोपायचं.

विकत घेतल्याशिवाय तारे देता येत नाहीत. म्हणून दुपारी जिन्यात बसणाऱ्या आम्ही आठ जणींनी सुनांच्या मागे लागून एकेक पाकीट मागवलं. पाकिटं तळमजल्यावरून निघाली, कंपनीच्या अंबडच्या गोदामात गेली आणि चार दिवसांनी आमच्याच जिन्याने वर आली. आणणारा पोऱ्या दमला होता. मी म्हटलं, "खालूनच उचललं असतं की." त्याने माझी सही घेतली.

मग हा आला. "आजी, तारे द्या. किती ते मी सांगणार नाही, नियमात बसत नाही. मनापासून द्या." तुम्ही असला दुकानदार बघितलाय का? विकायचं आहे आणि मागायची लाज.

आठ जणींत चौथी पास मी एकटी. त्यामुळे शिकवायचं काम माझ्याकडे आलं. पाच तारे ओळीने होते. मी सगळ्यांना सांगितलं, शाळेत पहिला नंबर हुशार पोराचा, पाचवा येतो त्याला कोण विचारतं? एक नंबर द्या. दिला. खाली लिहिलंही. मी लिहिलं, 'एक नंबर पट्टी.' शेजारणीने नातवाकडून लिहून घेतलं, 'एक नंबर. मुलगा गुणी आहे, आईबापाला विचारतो.' तिसरीने लिहिलं, 'एक नंबर चिकटते. निघत नाही.'

आता जिन्यात बसून त्याने मला समजावलं, की इथे एक म्हणजे सगळ्यात वाईट. मोबाइल तारे मोजतो, लिहिलेलं वाचत नाही. सकाळपासून एकही पाकीट गेलं नव्हतं.

चूक माझी, म्हणून निस्तरायलाही मीच बसले. त्याला न विचारता आठही जणींना गोळा केलं आणि त्याच दुपारी सगळ्यांच्या एकाचे पाच केले. एका बिल्डिंगमधून, एका तासात. संध्याकाळी कंपनीचा निरोप आला, की इथे खोटे तारे चाललेत, सबब दुकान बंद. ह्याने दोनदा फोन केला. तिकडून मशीनच बोललं.

रात्री जेवायच्या आधी तो वर आला. मला वाटलं भांडेल. भांडला असता तर बरं वाटलं असतं.

"आजी, एक खरं सांगा. पट्टीने फरक पडला होता का?"

"नाही."

"थोडासुद्धा?"

"गरम लागायची. मग गार व्हायची."

"बाकीच्यांना?"

"कोणालाच नाही. तू चांगला आहेस म्हणून लिहिलं."

त्याने परत कपाळाला हात लावला. मग म्हणाला, "म्हणजे एकच तारा बरोबर होता." आणि हसायला लागला. खालून बायकोने काय झालं म्हणून विचारलं, तर त्याला सांगता येईना. शेवटी मी सांगितलं. तीही हसली, पण जरा उशिराने.

दिवाळीच्या आधी त्यांचं सामान न्यायला टेम्पो आला. उरलेल्या पट्ट्या त्याने आम्हा आठ जणींना वाटल्या. मी माझ्या वाट्याच्या पट्ट्या फुटक्या बादलीला लावल्या. बादली गळायची थांबली.

तो आता येवल्यात सासऱ्यांच्या हाताखाली मागावर बसतो, बायको तिथेच आहे. आम्ही आठही जणी जिवंत आहोत.