इतिहास शिवणाच्या तासाला

तुम्ही राहता त्या गल्लीचा इतिहास तुमच्या शाळेने तुम्हाला कधी शिकवला का? किल्ले आणि लढाया नव्हेत, गल्लीचा? मला भिवंडीत कर्णिकबाईंनी शिकवला. त्याची शिक्षा म्हणून त्यांना शिवण शिकवायला लावलं.

बाई शिडशिडीत, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. कुणी धड्यातलं वाक्य घडाघडा म्हटलं की त्या शांतपणे विचारायच्या, "हे कोणी सांगितलं?" पुस्तकात आहे म्हटलं की पुढचा प्रश्न तयार असे, "आणि पुस्तकाला?" धडा आम्हाला पाठ असायचा. तो कुठून आला, ते नाही.

त्या वर्षी गावात हिंदू-मुसलमान दंगल झाली. दंगलीनंतर शाळा उघडली तेव्हा निम्मे बाक रिकामे होते. मुख्याध्यापकांनी सूचना काढली की झाल्या प्रकाराबद्दल बोलायचं नाही, नेमलेला धडा घ्यायचा. बाईंनी फळ्याच्या मधोमध रेघ ओढली. एका बाजूला माझ्या घरी ऐकलेलं, दुसऱ्या बाजूला माझ्या मागे बसणाऱ्या नसीमच्या घरी ऐकलेलं, दोन्ही सांगणाऱ्यांच्या नावांसकट. दोन्हीकडे घर जळालं होतं. दोन्हीकडे शेजाऱ्याने कुणाला तरी लपवलं होतं.

मुख्याध्यापक दारातून म्हणाले, हे पुसा. बाईंनी डस्टर त्यांच्यापुढे धरला.

"पुसायचं तर तुम्ही पुसा, सर. मी लिहायला नोकरीला लागले आहे."

त्यांनी पुसलं. सोमवारपासून इतिहास दुसऱ्यांकडे गेला आणि बाई शिवणाच्या खोलीत.

आता त्या गप्प बसतील असं सगळ्यांना वाटलं. पहिल्याच तासाला त्यांनी आम्हाला गावात विणलेलं एकेक कापड घरून आणायला सांगितलं. मी पंचा नेला. बाईंनी तो खिडकीच्या उजेडात धरला आणि विचारलं, "हा कोणी विणला?" वडिलांनी, मी म्हटलं. "आणि त्यांना कोणी शिकवलं? जा, विचारून ये. टाके नंतर."

आम्ही मूळचे जवळच्या शेलार गावचे. शेतातला भात पुरेना म्हणून वडील लूमवर, यंत्रमागावर कामाला आले, एवढं मला ठाऊक होतं. तुटलेला धागा जोडायला त्यांना नसीमच्या आजोबांनी शिकवलं, हे त्या दिवशी कळलं. वडील युनियनची पत्रकं घरी आणायचे, ती वाचतच मी वाढले. हे एकाही पत्रकात नव्हतं.

स्नेहसंमेलनात शिवणाचं प्रदर्शन लागलं. प्रत्येक कापडावर एक पट्टी शिवलेली, तिच्यावर रंगीत दोऱ्याने भरलेली अक्षरं: कोणी विणलं, तो कुठून आला, कोणाकडून शिकला. संस्थेचे अध्यक्ष वाचता वाचता थबकले. वातावरण नाजूक आहे, पट्ट्या काढून टाका, म्हणाले.

"दुहेरी टीप आहे, साहेब," बाई म्हणाल्या. "उसवायची तर कात्री घेऊन इथेच बसावं लागेल. लोकांसमोर."

ते बसले नाहीत. दिवसभर गाव येत राहिलं. नसीमचे आजोबा आले आणि आमच्या पंच्यापाशी थांबले. नसीमने त्यांना पट्टी वाचून दाखवली. बाजूलाच माझे वडील उभे होते. दंगलीपासून दोघांत एक शब्द नव्हता. आजोबांनी पंच्याची किनार चिमटीत धरली.

"किनारा अब भी ढीला छोड़ता है तू."

"शिकवलं तुमीच हाय ना, चाचा," वडील म्हणाले.

पुढच्या जूनमध्ये शाळेने बाईंना कामावर घेतलं नाही. त्यांनी घरच्या ओट्यावर वर्ग सुरू केला. तिथेही तोच प्रश्न, हे कोणी सांगितलं?

गेल्या महिन्यात बाई गेल्या. शाळेच्या फलकावर लिहिलं होतं, 'आमच्या माजी शिवण-शिक्षिका'. बस्स, एवढंच. त्या फलकाशी मी भांडते आहे आणि भांडत राहीन. तुम्ही एक करा. शेजारच्या गल्लीत जा, जिथे तुमच्या घरचं कुणी जात नाही तिथे. तिथल्या एका म्हाताऱ्या माणसाला विचारा, हे गाव कसं झालं? तो सांगेल ते त्याच्या नावासकट लिहा आणि तुमच्या मुलांच्या शाळेत नेऊन लावा. कुणी पुसा म्हणालं, तर डस्टर त्याच्याच हातात द्या.