कामिल वस्तादाचा हात

कोल्हापुरात मंगळवार पेठेत कुणाच्या दुचाकीचं शॉकअप बसलं, की ती गाडी कामिल मुल्लाणीच्या गॅरेजात जाणार हे ठरलेलं. गाडी आली की कामिल मालकाकडं बघायचा नाही. सीटवर दोन्ही तळहात टेकवून एकदाच दाबायचा, गाडी कशी वर येते ते बघायचा आणि सांगून टाकायचा, "तेल गेलंय" नाहीतर "स्प्रिंग मेल्या." औषध मात्र बहुतेक एकच, स्प्रिंग कडक करायची. त्याची गिऱ्हाइकं कोण? दुधाचे कॅन लटकवून येणारे, कागलच्या एमआयडीसीला तिघं-तिघं बसून जाणारे. मऊ गाडी असल्या ओझ्याला रस्त्याला टेकायची. "गाडी ताठ पायजे, पैलवानागत!" असं तो दिवसातनं कितीदा तरी म्हणायचा. लोक त्याला वस्ताद म्हणायचे आणि त्याला ते आवडायचं. का आवडू नये?

त्याची पोरगी नसरीन पॉलिटेक्निकला होती. बापासारखाच गाड्यांचा नाद, पण हिच्या गाड्या संगणकातल्या. स्टिअरिंग खरं, पायाखालचे ब्रेक खरे, गाडी तेवढी पडद्यावर. कामिल आधी हसला, मग पोरीचं खूळ बघून त्यानंच लोखंडी पाइप जोडून तिला बसायला सांगाडा करून दिला. एकदा तिनं त्याला दाखवलं, की ह्या गाडीचं सस्पेन्शनसुद्धा लावता येतं. पुढची स्प्रिंग, मागची स्प्रिंग, गाडीची उंची, सगळं बाण दाबून कमी-जास्त. मग काय! बापलेक दोघं जेवण विसरून बसले. हाका मारून मारून शाहिस्ताचा, म्हणजे नसरीनच्या आईचा, घसा बसला.

एक गोष्ट मात्र कामिलला पचली नाही. नसरीन मागची स्प्रिंग मऊ ठेवायची.

"अब्बा, वळणाच्या कडंला उंच पट्टी असत्या. कडक गाडी तिच्यावर उडत्या. मागचं चाक जमीन सोडतंय आणि गाडी गरकन फिरत्या. मऊ असली की चाक चिकटून ऱ्हातंय."

"मेणाची गाडी हाय व्हय ती? आगं, माझी हयात गेली यात."

"ह्यात दुधाचे कॅन न्हाईत की, अब्बा. एकटं माणूस बसतंय."

कामिल हसला. पोरीचं बोलणं एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडून देण्यात बापांचा हात कोण धरणार?

राजारामपुरीत सम्राट नावाच्या पोरानं अशा शर्यतींचं दुकान काढलं होतं. त्यानं स्पर्धा ठेवली. जो जिंकेल तो पुण्याला, राज्याच्या शर्यतीला. नसरीन सगळा पावसाळा त्या एका दिवसासाठी राबली होती. एक-एक वळण घोटायचं, एक-एक बाण दाबून बघायचा. शेवटच्या फेरीत पोचलेली ती एकटीच मुलगी. सम्राटनं तिच्या बापाला पाहुणा म्हणून बोलावलं आणि आपल्याकडच्या रीतीप्रमाणं डोक्याला फेटा बांधला. फेट्यात कामिल असा दिसत होता, की जणू त्याचंच लग्न.

शेवटच्या फेरीआधी जेवणाची सुट्टी झाली. नसरीन म्हणाली, "अब्बा, माझ्या जागेवर बसा. कुणाला हात लावू देऊ नका."

आणि कुंपणानंच शेत खाल्लं.

कामिल त्या खुर्चीत बसला. समोर तोच ओळखीचा पडदा. मागची स्प्रिंग तशीच मऊ. त्याच्या हाताला खाज सुटली म्हणा की. त्यानं बाण दाबला, आणखी दाबला, गाडी ताठ झाली तेव्हाच थांबला. पोरीचं वाईट व्हावं असं त्याच्या मनातही नव्हतं. पण खरं सांगायचं तर पोरीनं जिंकावं एवढंच त्याला पुरत नव्हतं. तिनं बापाच्या हातामुळं जिंकावं असं वाटत होतं. शिवाय सम्राटला जाऊन सांगितलं, "आता बघ गाडी कशी पळत्या. हात फिरवलाय मी."

सगळे जागेवर आल्यावर सम्राट माईकवर ओरडला, "नसरीनच्या गाडीवर आज खुद्द कामिल वस्तादांचा हात फिरलाय! नाद खुळा!"

शिट्ट्या वाजल्या. नसरीननं मागं वळून बापाकडं बघितलं. कामिलनं अंगठा दाखवला. पोरगी खूश झाली असंच त्याला वाटलं.

आधी सरावाची फेरी होती. त्यानंतर हवं तर सेटिंग बदलायला थोडा वेळ मिळायचा. इतरांनी बदललं. कोण काय बदलतंय ते भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर सगळ्यांना दिसत होतं. नसरीननं काहीच बदललं नाही. हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

शर्यत सुटली. पहिल्याच मोठ्या वळणावर चाक पट्टीवर चढलं, गाडीचं बूड उडालं आणि गाडी गरकन फिरली. पोरगी म्हणाली होती, अगदी तस्संच. पुढच्या वळणांना ती जपून घ्यायला लागली, तर मागचे पुढं गेले. राजवीर म्हणून एक पोरगा पहिला आला. नसरीन शेवटची.

"वस्तादांनी गाडी करून दिल्ती की," मागं कुणीतरी म्हणालं. "पोरीला पेलली न्हाय."

ह्यावर कामिलनं तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. पोरगी मान खाली घालून बाहेर गेली आणि बाप फेटा बांधून तिच्या मागनं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

कामिलच्या मोटरसायकलवरनं दोघं मंगळवार पेठेच्या चौकापर्यंत आली. मग कामिलनंच विचारलं, "कडक झालती व्हय गं?"

"सरावातच कळलं मला."

"मग बदललं का न्हाईस?"

"मोठ्या पडद्यावर सगळ्यांनी बघितलं असतं, अब्बा. तुमी फेटा बांधून बसलावता."

कामिलनं गाडी तिथंच वळवली. नसरीन नको नको म्हणत असताना सरळ राजारामपुरी गाठली, तिला बाहेर गाडीजवळ थांबवलं आणि आत शिरला. पोरं अजून चहा पीत होती.

"ऐका रे!" त्याचा आवाज चिरकला. "पोरीची चूक न्हाय. तिचं सेटिंग बरोबर होतं. तिला न विचारता मी हात घातला. माझ्यामुळं हरली ती."

मग सम्राटनं येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "वस्ताद, तुमचा हात चुकंल व्हय? आवो, बापाचं काळीज हाय ते. पोरीची चूक अंगावर घ्यायला आलाय."

"तसं न्हाय रे! खरंच सांगतोय—"

"बाप असावा तर असा!" राजवीर म्हणाला, आणि मेल्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याला खुर्ची दिली, चहा दिला. कामिल शपथा घेत होता आणि ते आणखीच हसत होते. आयुष्यभर कमावलेलं नाव असं अंगावर उलटलं. शेवटी चहा तसाच ठेवून तो बाहेर आला. फेटा डोक्यावरून ओढून काढला आणि काखेत चुरगाळून धरला.

"कुणी ऐकंना गं," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "म्हणत्यात, वस्तादाचा हात चुकायचा न्हाय."

"साऱ्या कोल्हापूरचा विश्वास हाय तुमच्या हातावर," नसरीन म्हणाली. "माझ्या हातावर तेवढा तुमचा न्हवता, अब्बा."

कामिलनं खिशातनं गाडीची किल्ली काढून तिच्यापुढं धरली आणि मागच्या सीटवर बसला. पोरीनं गाडी सुरू केली. पहिला स्पीडब्रेकर आला, तसा त्याचा पाय आपसूक ब्रेक शोधायला लागला, आणि "सावकाश" हा शब्द अगदी ओठावर आला. कामिलनं तो गिळला.